ग्रामसभेला जे येऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी सोडत काढा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा सदस्य-सचिव,
जिल्हा नियोजन समिती, नंदुरबार

विषय : जिल्हा नियोजनासाठी सोडतीने निवडलेल्या रहिवाशांची नागरिक सभा घेण्याबाबत



जिल्ह्याच्या वार्षिक योजनेचा आराखडा दरवर्षी आपल्या कार्यालयात आकार घेतो. यंत्रणा आपापले प्रस्ताव पाठवतात, त्यांची छाननी होते, पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा नियोजन समितीची बैठक होते आणि निधी वाटला जातो. हा निधी ज्यांच्यासाठी आहे, त्यांच्यापैकी कोणाला तरी या सगळ्या प्रवासात निवांत बसवून, माहिती देऊन, त्याचे मत घेतले जाते का, हा या पत्रामागचा प्रश्न आहे. माझी मागणी एकच आहे. अक्राणी आणि अक्कलकुवा या दोन तालुक्यांच्या मतदार याद्यांतून सोडत काढून ४८ स्त्री-पुरुष निवडावेत, त्यांना मजुरी, दुभाषे आणि जाणकारांची साथ द्यावी, एका नेमक्या प्रश्नावर सहा दिवस विचार करू द्यावा आणि त्यांच्या शिफारशींना समितीने लेखी उत्तर द्यावे. जगात अनेक ठिकाणी अशा नागरिक सभा भरल्या आहेत. नंदुरबारला त्यांची गरज का आहे आणि त्यांच्यावर जे आक्षेप येतील त्यांत किती तथ्य आहे, ते इथे मांडत आहे.

कागदावरच्या अधिकारांत हा जिल्हा कोणाहून कमी नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबारची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे साडेसोळा लाख होती आणि तीत आदिवासींचे प्रमाण ६९ टक्क्यांहून अधिक होते. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर हे तालुके आणि शहादा व नंदुरबार तालुक्यांचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. त्यामुळे इथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. त्याचे राज्याचे नियम २०१४ साली आले आणि महसुली गावाच्या छायेत राहिलेल्या पाड्यालाही ठराव करून स्वतंत्र गाव म्हणून, स्वतःच्या ग्रामसभेसह, उभे राहण्याची वाट त्यांनी मोकळी केली. २००६ च्या वनहक्क कायद्याने दावे मान्य करण्याच्या कामात पहिला शब्द ग्रामसभेचा ठेवला. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींकडे थेट येऊ लागला. कायद्याच्या पुस्तकात पाहिले, तर धडगावच्या डोंगरातल्या पाड्याची ग्रामसभा पुण्याजवळच्या बड्या ग्रामपंचायतीच्या ग्रामसभेपेक्षा बलवान आहे. अडचण अधिकारांची नाही. ते अधिकार वापरायला सभेत कोण बसलेले असते, तिथे ती सुरू होते.

ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखा पाहा : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. आता याच पंचांगाशेजारी सातपुड्याचे पंचांग ठेवा. दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला आणि शेतमजुरीला गुजरातेत किंवा राज्याच्या इतर भागांत निघतात आणि बरीचशी होळीला परततात. म्हणजे प्रजासत्ताकदिनाच्या सभेत गावातली सर्वांत गरीब घरे कुलूपबंद असतात. पंधरा ऑगस्टला नाले भरून वाहतात, शेतात निंदणी चालू असते आणि चार-पाच किलोमीटरवरच्या पाड्यावरून पंचायतीच्या गावी येणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवणे. त्यात भाषेची भर. घरात भिली, पावरी किंवा मावची, बाजारात अहिराणी, आणि इतिवृत्त मात्र शासकीय मराठीत. गणपूर्तीचा नियमही आपल्याला ठाऊक आहे. राज्याच्या सर्वसाधारण तरतुदीनुसार १५ टक्के किंवा १०० मतदार, यांत जी संख्या कमी असेल तेवढे पुरतात आणि गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेला तीही अट उरत नाही. सभा कायदेशीर होते, ठराव वैध ठरतो आणि तरीही गावातला अर्धा अनुभव त्या ठरावाबाहेर राहतो. यात कुणाची लबाडी असलीच पाहिजे असे नाही. सर्वांना सारखे आमंत्रण दिले की ज्याला येणे परवडते तो येतो, एवढाच त्याचा अर्थ.

खुर्चीवर कोण आहे याने निर्णय खरोखर बदलतो का, ही शंका रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्याच देशात मिळाले आहे. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी २००४ साली पश्चिम बंगाल आणि राजस्थानमधल्या पंचायतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे सरपंचपदाचे महिला आरक्षण आळीपाळीने, कुणाच्या मर्जीविना ठरत होते, त्यामुळे आरक्षित आणि अनारक्षित गावांची तुलना नीट करता आली. पदावर स्त्री असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर अधिक खर्च केला, कारण दोन्ही राज्यांत स्त्रियांची मोठी तक्रार पाण्याचीच होती. टिमोथी बेस्ली, रोहिणी पांडे आणि विजयेंद्र राव यांनी दक्षिणेतल्या चार राज्यांत पाहणी केली, तेव्हा आढळले की जिथे ग्रामसभा भरली होती तिथे गरिबांसाठीच्या सवलती भूमिहीन आणि निरक्षर कुटुंबांपर्यंत जास्त पोचल्या. दोन्ही अभ्यासांचा निष्कर्ष साधा आहे. माणसे बसली की निर्णय त्यांच्या गरजेकडे झुकतो. मग जी माणसे कधीच बसत नाहीत, त्यांच्या गरजा आराखड्याबाहेर राहतात याचे आश्चर्य वाटायला नको.

न विचारण्याची किंमत काय असते, हे या जिल्ह्याला शिकवावे लागत नाही. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्राची ३३ गावे आली, ती सारी अक्राणी आणि अक्कलकुव्यातली. नर्मदा पाणी तंटा लवादाने १९६९ ते १९७९ अशी दहा वर्षे सुनावणी केली. पाण्याची वाटणी, धरणाची उंची, विजेचा वाटा यांवर राज्यांच्या वकिलांनी युक्तिवाद केले. मणिबेलीसारख्या गावांतला माणूस त्या दालनात पक्षकार नव्हता. पुनर्वसनाच्या अटी निवाड्यात आल्या, पण शेत कुठे, गुराची चराई कुठे, एका पाड्याचे भाऊबंद एका वसाहतीत राहतील की नाही, हे प्रश्न नंतर मोर्चे, उपोषणे आणि न्यायालये यांतून एकेक करून सोडवावे लागले. जागतिक बँकेने नेमलेल्या ब्रॅडफर्ड मोर्स समितीने १९९२ साली बाधितांशी पुरेशी सल्लामसलत झालीच नाही यावर बोट ठेवले आणि १९९३ साली धरणासाठीचे बँकेचे कर्ज थांबले. धरण हवे की नको, हा वाद इथे उकरायचा नाही. सुरुवातीला न विचारल्याने वाचलेला वेळ पुढे कित्येक पटींनी फेडावा लागतो, एवढेच त्या इतिहासातून घ्यायचे. धरणाचे लोकार्पण २०१७ साली झाले, आणि तोवर निवाड्याला ३८ वर्षे होत आली होती.

आता सोडतीकडे येऊ. आयर्लंडने २०१६ साली ९९ सामान्य नागरिक आणि एक अध्यक्ष यांची सभा नेमली. गर्भपातासारखा देश दुभंगवणारा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. डॉक्टर, वकील, दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते यांना त्यांनी काही शनिवार-रविवार ऐकले आणि घटनादुरुस्तीची शिफारस केली. पुढे संसदेच्या समितीने ती तपासली आणि मे २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्क्यांहून अधिक मतदारांनी ती उचलून धरली. बेल्जियमच्या जर्मनभाषक प्रदेशाची लोकसंख्या नंदुरबार शहराहून कमी आहे. तिथे २०१९ पासून २४ जणांचे कायमस्वरूपी नागरिक मंडळ आहे. कोणत्या प्रश्नावर सभा भरवायची ते हे मंडळ ठरवते आणि आलेल्या शिफारशींवर तिथल्या संसदेला उत्तर द्यावे लागते. हे सारे परदेशी वाटत असेल, तर तमिळनाडूतल्या उत्तरमेरूरचा दहाव्या शतकाच्या प्रारंभीचा शिलालेख आठवावा. गावाच्या समित्यांवर कोण जाणार, हे ताडपत्रावर नावे लिहून, घड्यात टाकून, लहान मुलाच्या हाताने काढून ठरत असे. त्या घड्यात नाव पडायला जमीन आणि वेदाध्ययन लागत होते, त्यामुळे त्या व्यवस्थेचे पोवाडे गाण्याचे कारण नाही. पण आपल्या तहसील कार्यालयांत सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत आजही जवळजवळ तशीच निघते आणि चिठ्ठी काढायला लहान मूलच पुढे करतात. चिठ्ठीवर लोकांचा विश्वास बसतो, कारण तिला ना जात कळते ना पक्ष. आरक्षण ठरवायला जी सोडत चालते, ती सल्लागार निवडायला का चालू नये?

पहिला आक्षेप शिक्षणाचा असेल. जिल्ह्याची साक्षरता २०११ साली ६४ टक्क्यांच्या आसपास होती आणि डोंगराळ तालुक्यांत त्याहून खाली. नियोजनाची गुंतागुंत अशा माणसांना झेपेल का? २००१ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशात ‘प्रजातीर्पु’ नावाने नागरिकांची एक पंचसभा भरली होती. पंचांमध्ये बहुतेक अल्पभूधारक शेतकरी होते आणि त्यांतही स्त्रिया अधिक. सरकार, विद्यापीठ, बियाणे कंपनी आणि संघटना यांचे साक्षीदार त्यांच्यापुढे आले. पंचांनी त्यांना उलटसुलट प्रश्न विचारले आणि राज्याच्या ‘व्हिजन २०२०’ मधल्या शेतीविषयक दिशेला कारणांसह नकार दिला. त्या निकालाशी सहमत व्हावे असे नाही, पण ऐकून, पारखून निकाल देण्याच्या आड निरक्षरता आली नाही. महाराष्ट्रातले उदाहरण गडचिरोलीच्या मेंढा-लेखाचे. २००९ साली १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या या गोंड गावाने ग्रामसभेसोबत अभ्यासगट चालवला. बाहेरच्या जाणकारांना बोलवायचे, विषय समजून घ्यायचा, घाई न करता चर्चा करायची आणि मग सर्वसहमतीने ठरवायचे, ही त्यांची रीत. कायदा वाचता येणे आणि कायद्यातला प्रश्न समजणे यांत अंतर आहे. दुसरी गोष्ट समजावणाऱ्यावर अवलंबून असते.

दुसरा आक्षेप लोकप्रतिनिधींचा असेल : आम्ही निवडून आलो आहोत, मग हे चिठ्ठीवाले कोण? उत्तर असे की नागरिक सभा ठरवत नाही, सुचवते. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने जिल्हा नियोजन समितीतल्या पाचांपैकी चार जागा स्थानिक संस्थांच्या निवडून आलेल्या सदस्यांना दिल्या आहेत. त्या जागांना धक्का लागायचा नाही. उलट, प्रत्येक सदस्यावर आपापल्या गटात काम खेचून आणण्याचा दबाव असतो आणि त्यात दोन तालुक्यांचा एकत्रित विचार मागे पडतो. ज्याला पुढची निवडणूक लढवायची नाही असा माणूस ‘माझ्या पाड्याआधी त्या पाड्याला द्या’ असे म्हणू शकतो. असे कारणासहित मत हाती असले, तर प्रतिनिधीलाही अवघड निर्णयाला आधार मिळतो. शिवाय स्थानिक संस्थांच्या निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकांकडे गेला, की लोकांचा आवाज पोचवणारा हा दुवाच तुटतो. तशा काळासाठी दुसरी वाट हाताशी असलेली बरी.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो आणि तो आदिवासी संघटनांकडून यावा अशीच माझी अपेक्षा आहे. ग्रामसभा असताना ही नवी सभा कशाला? उद्या एखाद्या प्रकल्पासाठी गावाची संमती मिळाली नाही, तर प्रशासन या ४८ जणांची सही पुढे करणार नाही कशावरून? ही भीती अनाठायी नाही. ओडिशात नियमगिरीच्या बॉक्साइट खाणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये निर्णय ग्रामसभांवर सोपवला. त्या पावसाळ्यात बारा गावांच्या सभांनी एकमुखाने नकार दिला. त्यांच्या जागी सोडतीची एखादी समिती बसवली असती, तर तो नकार पातळ करणे सोपे गेले असते. म्हणून माझ्या मागणीला एक अट जोडलेली आहे. जमीन, जंगल, खनिज, पाण्याचे स्रोत, वनहक्क किंवा विस्थापन यांवर संमती देण्याचा अधिकार ग्रामसभेचाच राहील आणि असा विषय नागरिक सभेपुढे येणारच नाही, हे तिच्या स्थापनेच्या आदेशातच लिहिले जावे. एका गावाच्या शिवेत न मावणारा, अनेक गावांना एकत्र तोलावा लागणारा प्रश्न हेच तिचे क्षेत्र. तिचा अहवालही संबंधित ग्रामसभांपुढे त्यांच्या भाषेत वाचला जावा आणि त्यांचे अभिप्राय त्याला जोडले जावेत.

चौथा आक्षेप अनुभवाचा आहे. अशा सभांचा देखावा होतो आणि अहवाल कपाटात जातो. फ्रान्सने २०१९-२० मध्ये हवामानबदलावर १५० नागरिकांची सभा घेतली. त्यांनी १४९ शिफारशी केल्या. राष्ट्राध्यक्षांनी त्या जशाच्या तशा पुढे नेण्याचे आश्वासन दिले होते. प्रत्यक्षात अनेक शिफारशी सौम्य झाल्या, काही गळल्या आणि सहभागी लोकांनी जाहीर नाराजी दाखवली. दुखावलेली अपेक्षा कधीच न जागवलेल्या अपेक्षेपेक्षा वाईट असते. म्हणून आधी जपून बोलावे. सगळे मान्य करू, असे वचन देऊ नये. ९० दिवसांत प्रत्येक शिफारशीवर ‘मान्य’, ‘अंशतः मान्य’ किंवा ‘अमान्य’ असे कारणासह लेखी उत्तर देऊ, एवढेच वचन द्यावे आणि ते पाळावे. याच आक्षेपाची दुसरी बाजू म्हणजे साहेबांसमोर लोक बोलतच नाहीत. ते खरे आहे, आणि त्यावरचे उपाय साधे आहेत. सहा-सहाच्या गटांत चर्चा, स्त्रियांचे स्वतंत्र गट, पावरी आणि भिली बोलणारे सूत्रसंचालक, आणि मतप्रदर्शनाच्या वेळी महसूल, वन किंवा पंचायत खात्याचा एकही अधिकारी खोलीत नाही. अधिकाऱ्यांनी साक्षीदार म्हणून यावे, माहिती द्यावी, प्रश्नांना उत्तरे द्यावीत आणि बाहेर पडावे.

पहिल्या सभेपुढे ठेवण्याजोगा प्रश्न असा : पावसाळ्यात रस्ता तुटणाऱ्या पाड्यांपर्यंत, विशेषतः बाळंतिणीपर्यंत, आरोग्यसेवा पोचवण्यासाठी येत्या तीन वर्षांत कोणत्या क्रमाने खर्च करावा? इथे पर्याय खरे आहेत आणि ते एकमेकांशी स्पर्धा करतात. बारमाही रस्ता करावा, पण तो एका पाड्यापर्यंत जाताना दुसरे चार थांबतात. उपकेंद्र उभारावे, पण तिथे परिचारिका राहील का? प्राथमिक आरोग्य केंद्राशेजारचे माहेरघर वाढवावे, पण बाळंतपणाच्या आठवडाभर आधी आई तिथे येऊन राहिली, तर घरची मुले कोण सांभाळणार? नर्मदेच्या काठच्या गावांसाठी तरंगता दवाखाना आहे. त्याच्या फेऱ्या वाढवाव्यात की तोच पैसा झोळीतून रुग्ण वाहून आणणाऱ्या पाड्यांच्या पायवाटांवर लावावा? अभियंत्याला दर किलोमीटरचा खर्च ठाऊक असतो, डॉक्टरला जोखीम ठाऊक असते. कोणता नाला किती दिवस अडतो, कोणत्या घरात आईला माहेरघरात पाठवायला सासू का नकार देते आणि रात्री कोणाकडे गाडी मिळते, हे मात्र तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक असते. ही तिन्ही प्रकारची माहिती आज एका खोलीत कधीच येत नाही.

व्यवस्था अवघड नाही. पहिल्या सोडतीत मतदार याद्यांतून काहीशे नावे काढावीत आणि घरी जाऊन निमंत्रण द्यावे. होकार देणाऱ्यांतून दुसरी सोडत काढावी. त्यात निम्म्या स्त्रिया, दोन्ही तालुके, वेगवेगळ्या भाषा, तरुण आणि वयस्क, तसेच स्थलांतर करणारी कुटुंबे लोकसंख्येच्या प्रमाणात यावीत. दोन्ही सोडती धडगाव आणि मोलगीच्या बाजाराच्या दिवशी, सर्वांसमोर व्हाव्यात. सभा होळीनंतर आणि पहिल्या पावसाआधी, तीन-तीन दिवसांच्या दोन बैठकांत भरावी. काठीच्या राजवाडी होळीला परतलेली माणसे तेव्हा घरी असतात. दर दिवशी ५०० रुपये धरले, तर ४८ जणांच्या सहा दिवसांच्या मजुरीला १ लाख ४४ हजार रुपये लागतात. प्रवास, जेवण, दुभाषे आणि लहान मुलांसाठी पाळणाघर धरूनही ही रक्कम गावातल्या एका छोट्या सिमेंट रस्त्याच्या खर्चापलीकडे जाणार नाही. यासाठी नवा कायदा लागत नाही. सल्ला घ्यायला समितीला कोणी मनाई केलेली नाही.

सोडत सर्व दोष दूर करील, असा माझा दावा नाही. ४८ जणांत आळशी निघतील, हेकट निघतील, एखादा दुसऱ्याच्या सांगण्याने बोलेल. निवडून आलेल्यांतही अशी माणसे असतात आणि म्हणून आपण निवडणुका सोडून देत नाही. शहादा तालुक्यातल्या टेंभलीत सप्टेंबर २०१० मध्ये देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. दूरच्या गावातल्या एकेका माणसाची नोंद करणे या जिल्ह्यात शक्य आहे, हे तेव्हाच दिसले. ज्याची नोंद करता येते, त्याला बोलावताही येते.

म्हणून विनंती अशी की जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा प्रस्ताव घ्यावा, वरची अट आणि ९० दिवसांत लेखी उत्तराचे वचन त्यात नमूद करावे, आणि होळीनंतरच्या पहिल्या सभेची तारीख जाहीर करावी. प्रस्ताव अमान्य झाला, तर त्याची कारणे इतिवृत्तात यावीत. कारणे कळली, तर त्यांवर पुढची चर्चा जिल्ह्यातल्या लोकांना करता येईल.

आपला,
नंदुरबार जिल्ह्यातील एक मतदार